लॉरेन्झचा प्रयोग एक्सेलवर: बारीकशी चूक अंदाज कधी गिळते, ते मोजायचं कसं

केऑसबद्दल, म्हणजे सुरुवातीचा बारीकसा फरक वाढत जाऊन अंदाज बिघडवतो त्या प्रकाराबद्दल, वाचून उत्साहाने एक्सेल उघडणाऱ्यांचं बहुतेक वेळा एकाच जागी बिनसतं. दोन रेषा काढायच्या, एकीचा सुरुवातीचा आकडा किंचित बदलायचा, थोड्या वेळाने रेषा फाकल्या की 'झालं सिद्ध' म्हणून फाइल बंद. पण रेषा कशानेही फाकतात. वेळेचं पाऊल वेगळं घेतलं तरी फाकतात, फॉर्म्युल्यात डॉलरचं चिन्ह विसरलं तरी फाकतात. त्यातलं केऑस कोणतं आणि आपलाच घोळ कोणता, हे सांगता आलं नाही तर ग्राफ नुसता बघायला छान.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. शेवटी हातात एक आकडा यायला हवा: सुरुवातीची चूक दहापट कमी केली, तर अंदाज किती काळ जास्त टिकतो? पावसाचा अंदाज दोन-चार दिवसांचा भरवशाचा असतो आणि महिन्यानंतरच्या मंगळवारचा का नसतो, हे त्या आकड्यावरून कळतं.

तयारी

एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्क, काहीही चालेल. मोबाइलवर करू नका. पाच हजार ओळी खाली ओढायच्या आहेत.

अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली मांडलेली तीन समीकरणं आपण वापरणार आहोत. खालून तापणारा आणि वरून थंड राहणारा द्रवाचा थर घ्या, गॅसवरच्या आमटीच्या पातेल्यासारखा. तापलेलं वर येतं, निवलेलं खाली जातं आणि थर गोल फिरू लागतो. फिरण्याचा जोर म्हणजे क्ष. तो धन असेल तर एका दिशेने, ऋण असेल तर उलट दिशेने. वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या प्रवाहांच्या तापमानातला फरक म्हणजे य. तळापासून वरपर्यंत तापमान एकसारखं उतरत न जाता त्यात जो बाक येतो, तो झ.

क्षचा वेग = सिग्मा × (य − क्ष)
यचा वेग = क्ष × (रो − झ) − य
झचा वेग = क्ष × य − बीटा × झ

सिग्मा १०, रो २८, बीटा ८/३. यातला रो म्हणजे खालून किती आच लावली आहे त्याचं माप. तो पुढे कामाला येणार आहे.

*सावधान:* या लेखात आकडे देवनागरीत आहेत, पण शीटमध्ये इंग्रजीच टाका. देवनागरी आकडा शीट मजकूर समजू शकते. बीटासाठी २.६७ टाकू नका. बरोबरच्या चिन्हानंतर आठ भागिले तीन असंच लिहा.

*आणखी एक:* इथलं वेळेचं एकक म्हणजे तास नव्हे आणि दिवसही नव्हे. '१७ एककं म्हणजे १७ दिवस' असं गणित करून मोकळे होणारे बरेच भेटतात. हे पातेलं आहे, पृथ्वीचं वातावरण नव्हे. इथून उचलायची ती चूक वाढण्याची रीत, दिवसांचा हिशेब नाही.

टप्पा १: शीटची मांडणी

वरच्या ओळींत पाच सेल राखून ठेवा: सिग्मा, रो, बीटा, वेळेचं पाऊल (०.०१) आणि धक्का (०.०००००१). धक्का म्हणजे दुसऱ्या प्रतीच्या सुरुवातीत आपण मुद्दाम घालणार तो फरक.

ओळ ९ मध्ये मथळे, ओळ १० पासून आकडे. सात स्तंभ लागतील: वेळ, क्ष, य, झ आणि मग मधला क्ष, मधला य, मधला झ. ओळ १० मध्ये वेळ शून्य, आणि क्ष, य, झ तिन्ही १.

वेळेच्या स्तंभात 'वरचा आकडा अधिक ०.०१' असं करत जाऊ नका, बारीक चुका साठत जातात. ओळीचा क्रमांक वजा १०, गुणिले पाऊल, असा फॉर्म्युला ठेवा. म्हणजे ओळ १०१० वर वेळ नेमकी १० येईल आणि ओळ ५०१० वर ५०.

टप्पा २: फॉर्म्युले, आणि 'मधलं पाऊल' का

इंटरनेटवरच्या बहुतेक शीटमध्ये सरळ पद्धत असते: आत्ताचा वेग गुणिले पाऊल, आणि ते जुन्या आकड्यात मिळवायचं. लिहायला सोपी आहे, पण या कामाला ती मला पटत नाही. कारण टप्पा ६ मध्ये येईल. आपण आधी अर्धं पाऊल टाकून तिथला वेग मोजायचा आणि मग पूर्ण पाऊल त्या वेगाने टाकायचं.

ओळ १० मध्ये:

मधला क्ष = क्ष + (पाऊल/२) × सिग्मा × (य − क्ष)
मधला य = य + (पाऊल/२) × (क्ष × (रो − झ) − य)
मधला झ = झ + (पाऊल/२) × (क्ष × य − बीटा × झ)

ओळ ११ मध्ये नवे आकडे, सगळे ओळ १० वरून:

नवा क्ष = जुना क्ष + पाऊल × सिग्मा × (मधला य − मधला क्ष)
नवा य = जुना य + पाऊल × (मधला क्ष × (रो − मधला झ) − मधला य)
नवा झ = जुना झ + पाऊल × (मधला क्ष × मधला य − बीटा × मधला झ)

सिग्मा, रो, बीटा, पाऊल यांच्या पत्त्यांना दोन्हीकडे डॉलरचं चिन्ह हवं, स्तंभालाही आणि ओळीलाही. बाकी कशालाही नको. एक डॉलर राहिला तर फॉर्म्युला खाली ओढल्यावर रो रिकाम्या सेलवर जाऊन शून्य होतो. शीट तक्रार करत नाही, आकडे फक्त निमूट चुकतात.

आणखी एक नेहमीची चूक: नवा य काढताना त्याच ओळीतला नवा क्ष वापरणं. नव्या ओळीतली प्रत्येक गोष्ट वरच्याच ओळीवरून आली पाहिजे.

*तपासणी:* खाली ओढण्याआधी दोन ओळी जुळवा.

वेळ ०.०१: क्ष १.०१३०००, य १.२५८७८३, झ ०.९८४८५६
वेळ ०.०२: क्ष १.०४९४०३, य १.५२१९४३, झ ०.९७३०१७

सहाव्या दशांशापर्यंत जुळलं पाहिजे. वेळ ०.०१ ला क्ष १.०१३ ऐवजी नुसता १ आला, तर तुम्ही नकळत सरळ पद्धतच लिहिली आहे. पहिली ओळ जुळून दुसरी बिघडली तर डॉलर बघा.

टप्पा ३: खाली ओढा, चित्र बघा

ओळ ५०१० पर्यंत ओढा. क्ष आडवा आणि झ उभा घेऊन बिंदूंचा ग्राफ काढा. दोन पंखांची ती प्रसिद्ध आकृती दिसेल. दिसली की पुढे चला, तिच्यात रमण्यासारखं आत्ता काही नाही. क्ष साधारण −२० ते २० मध्ये राहतो, झ शून्याच्या वर आणि पन्नाशीच्या आत. आकडे लाखांत गेले किंवा एररचा मजकूर आला, तर एखादं अधिक-वजा चुकलं आहे.

टप्पा ४: जुळी प्रत, पण शून्यापासून नाही

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. दुसरी प्रत वेळ शून्यापासूनच सुरू करतात. पण (१, १, १) हा आपण हवेतून उचललेला बिंदू आहे, तो त्या आकृतीवर नाही. सुरुवातीची काही एककं गणित तिथून आकृतीवर येण्यात घालवतं, आणि त्या काळात चूक कशी वाढते हे मोजण्यात हशील नाही. खऱ्या वातावरणाचा अंदाजही अशक्य स्थितीपासून सुरू होत नाही.

म्हणून पहिली दहा एककं सोडून द्या. ओळ १०१० वर दुसऱ्या प्रतीचे सहा स्तंभ सुरू करा (वेळेचा स्तंभ सामाईक). तिथे:

दुसरा क्ष = पहिला क्ष + धक्का
दुसरा य = पहिला य
दुसरा झ = पहिला झ

हे फॉर्म्युल्यानेच जोडा, आकडे बघून हाताने टाइप करू नका. सेलमध्ये दिसतात तीन-चार दशांश, पण आत साधारण पंधरा अंक साठवलेले असतात. दिसतो तो आकडा टाइप केलात तर तुम्ही ठरवलेल्या धक्क्याच्या हजारपट मोठा धक्का नकळत देऊन बसाल. लॉरेन्झ यांच्याकडे १९६१ साली नेमकं हेच घडलं होतं: संगणकात ०.५०६१२७, छापील कागदावर ०.५०६, आणि कागदावरचा आकडा परत भरल्यावर पुढचं सगळं हवामान वेगळं. त्यांना त्यातून शोध लागला. आपल्याला फक्त चुकीचा ग्राफ मिळेल.

*तपासणी:* धक्का शून्य करा. दोन्ही प्रतींतला फरक शेवटच्या ओळीपर्यंत नेमका शून्य हवा. जवळपास शून्य चालणार नाही. एखाद्या ओळीत जरी फरक दिसला तर दोन्हीकडचे फॉर्म्युले सारखे नाहीत. ही तपासणी पार न करता पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

टप्पा ५: फरक मोजा, तोही लॉग स्केलवर

धक्का परत ०.०००००१ करा. एक नवा स्तंभ: तिन्ही फरकांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ. हे दोन प्रतींमधलं अंतर. क्षचा एकट्याचा फरक घेऊ नका. दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा तो क्षणभर शून्य होतो आणि ग्राफ उगाच खड्ड्यात जातो.

आता वेळ आडवी आणि अंतर उभं घेऊन ग्राफ काढा. साध्या स्केलवर बराच काळ सपाट रेषा दिसेल आणि मग अचानक उसळी. त्यावरून लोक म्हणतात, 'बघा, इतका वेळ सगळं ठीक होतं आणि एकदम बिघडलं.' उभा अक्ष लॉग स्केलवर आणा, म्हणजे अक्षावरची प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. चित्र पालटतं: चूक पहिल्या क्षणापासून वाढत होती, गुणाकाराने. फक्त डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी नव्हती.

रेषा खडबडीत असेल. मध्येमध्ये अंतर कमीही होईल. घाबरू नका, ते खरं आहे: काही ठिकाणी दोन मार्ग थोडा वेळ जवळ येतात. एकंदर चढ बघा. वर दहा-वीसच्या घरात पोचल्यावर रेषा आडवी होऊन डोलत राहते. आकृतीचीच रुंदी तेवढी आहे, त्याहून दूर जाणार कुठे? तिथून पुढे दुसऱ्या प्रतीचा पहिलीशी संबंध उरलेला नाही.

आता मुख्य मोजमाप. अंतर पहिल्यांदा ५ च्या वर गेलं की 'अंदाज संपला' असं धरू. कंडिशनल फॉरमॅटिंगने ५ च्या वरचे सेल रंगवा, पहिला रंगीत सेल सापडला की त्याच्या वेळेतून १० वजा करा. मग फक्त धक्का बदलत जा आणि प्रत्येक वेळी हा काळ लिहून ठेवा.

धक्का ०.००१ असेल तर अंदाज साधारण ९ एककं टिकतो. ०.०००००१ असेल तर १७ च्या आसपास. ०.००००००००१, म्हणजे एक भागिले शंभर कोटी, असेल तर २५ च्या आसपास. तुमचे आकडे दोन-तीन एककं इकडेतिकडे येतील, कारण सुरुवात कुठे झाली त्यावर ते अवलंबून आहे.

पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून बघा. सुरुवातीची चूक दहा लाख पटींनी कमी केली आणि अंदाज नऊचा पंचवीस झाला, तिप्पटसुद्धा नाही. सहा वेळा दहापट सुधारणा केली आणि दर वेळी पदरात पडली ती साधारण अडीच एककं. मोजमाप दहापट अचूक केलं की अंदाज दहापट लांबेल, ही समजूत इथे मोडते. गुणाकाराने खर्च करायचा आणि बेरजेने मिळवायचं, असा हा व्यवहार आहे.

*तपासणी:* ०.०१ पासून सुरू करून दर वेळी दहापट कमी करत नऊ धक्के घ्या. शेवटच्या काळातून पहिला वजा करून ८ ने भागा. उत्तर २ ते ३ मध्ये आलं तर शीट बरोबर आहे. एका जोडीवरून निष्कर्ष काढू नका, तिथे १ पण येईल आणि ४ पण. आणि धक्का पंधराव्या-सोळाव्या दशांशावर नेऊ नका. शीटमध्ये तेवढे अंक मावतच नाहीत, बेरीज केल्यावर धक्का गायब होतो आणि तुम्हाला वाटतं अंदाज अजरामर झाला.

टप्पा ६: उलटतपासणी

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळला जातो. माझ्या मते प्रयोगाचा अर्धा जीव इथे आहे.

*पहिली: आच कमी करा.* रो २८ वरून १० वर आणा. क्ष आणि य दोन्ही ४.८९९ वर आणि झ ९ वर जाऊन स्थिरावतील. धक्का दिलेला असूनही अंतर कमी कमी होत जाईल. समीकरणं तीच, धक्का तोच. चूक मात्र विरून गेली. 'छोट्या बदलाने नेहमी मोठा परिणाम होतो' हे वाक्य म्हणून चुकीचं आहे. व्यवस्था कोणत्या स्थितीत आहे त्यावर ते ठरतं. (अंतर नेमकं शून्य झालं तर लॉग स्केल कुरकुरेल. दुर्लक्ष करा.)

*दुसरी: शांत जागा शोधा.* रो परत २८. ओळ १० मध्ये क्ष आणि य ८.४८५२८१ टाका, झ २७. ही दोन्ही पंखांच्या मध्यांपैकी एका मध्याची जागा; ८.४८५२८१ म्हणजे ७२ चं वर्गमूळ. इथे चूक वाढते, पण इतकी सावकाश की दहापट व्हायला चोवीसेक एककं लागतात. ५० एककांची शीट संपते तरी दोन्ही प्रती हातात हात घालून असतात. तेच गणित, तोच धक्का, आणि अंदाज संपतच नाही! हवामानातही काही आठवडे असे असतात की चार दिवस आधीचा अंदाज अक्षरशः बरोबर येतो, आणि काही वेळा उद्याचाही हुकतो.

सरळ पद्धत मी का टाळली ते इथे दिसतं. ०.०१ च्या पावलाने सरळ पद्धत वापरली तर या शांत जागेतली वाढ खरीच्या सुमारे साडेसहापट वेगाने होते. म्हणजे अस्थिरता पद्धतीने घुसवलेली, आणि आपण तिला केऑस म्हणणार.

*तिसरी: बीजगणित बदला.* सुरुवात परत (१, १, १), धक्का शून्य. फक्त दुसऱ्या प्रतीत क्ष × (रो − झ) च्या जागी क्ष × रो − क्ष × झ लिहा, दोन्ही फॉर्म्युल्यांत. गणिताच्या वहीत दोन्ही एकच. शीटमध्ये मात्र शेवटच्या अंकाची गोलाई वेगळी होते, आणि ३५-४० एककांनंतर दोन्ही प्रती वेगळ्या वाटांना लागतात. तेव्हा मित्राच्या शीटशी तुमचा वेळ ५० चा आकडा जुळला नाही तर कुणाचं चुकलं यावर वाद घालू नका. सुरुवातीच्या ओळी जुळतात का आणि चढ जुळतो का, एवढंच विचारा.

*चौथी: पाऊल अर्धं करा.* शीटची प्रत काढून त्यात पाऊल ०.००५ करा, ओळी दुप्पट ओढा आणि जुळी प्रत वेळ १० च्या नव्या ओळीवर, म्हणजे २०१० वर हलवा. ती हलवायचं राहून जातं आणि तुलना वेळ ५ पासून सुरू होते. जुन्या आणि नव्या शीटमधला मार्ग काही एककं जुळून मग फाकेल, ते अपेक्षित आहे: ही मॉडेलची चूक झाली, सुरुवातीची नव्हे. पण प्रत्येक शीटमधल्या दोन जुळ्यांची तुलना करून काढलेला 'दहापटीला अडीच' हा हिशेब बदलायला नको. बदलला तर पाऊल मोठं आहे.

टप्पा ७: एक अंदाज नको, दहा घ्या

आता हवामान खात्यांत होतं तसं काम. धक्का मोठा, ०.०१ घ्या. नव्या टॅबवर दहा प्रती. प्रत्येकीच्या क्ष, य, झ मध्ये वेगवेगळा यादृच्छिक धक्का. ओळी पंधराशे पुरेत, नाहीतर गूगल शीट्स धापा टाकते.

*सावधान:* रँड फंक्शनचे आकडे कुठलाही सेल बदलला की पुन्हा बदलतात. धक्के एकदा तयार झाले की 'फक्त मूल्यं' म्हणून पेस्ट करून गोठवा.

दहाही प्रतींचा क्ष एका ग्राफवर काढा. आधी एकच जाड रेषा, मग तिचे झुबके होतात, मग सगळा गुंता. पाच एककांनंतरच्या ओळीवर बघा: दहापैकी किती प्रतींत क्ष धन आहे? सात असतील तर 'धन असण्याची शक्यता ७० टक्के'. अॅपवरच्या पावसाच्या टक्केवारीमागे मूळ कल्पना हीच. ७० टक्के म्हणजे गावाच्या ७० टक्के भागात पाऊस नव्हे आणि दिवसाच्या ७० टक्के वेळ पाऊसही नव्हे.

मग दहाही प्रतींची सुरुवात वेळ १० ऐवजी १२, १५, २० वरून करून बघा. कधी रेषा बराच काळ एकत्र राहतील, कधी लगेच फुटतील. क्ष आणि य शून्याजवळ आलेले असताना सुरू केलंत तर कोणता पंख धरायचा हे बारीकशा फरकावर ठरतं. झुबका किती पसरला आहे हाच 'आजच्या अंदाजावर किती विसंबायचं' याचा आकडा आहे. टीव्हीवर तो दाखवत नाहीत, ही माझी जुनी तक्रार.

युरोपियन हवामान केंद्र असे ५१ अंदाज एकत्र चालवतं. भारतात जून २०१८ पासून १२ किलोमीटरच्या जाळीवर २१ अंदाजांचा संच चालू झाला, त्यात पुण्याच्या आयआयटीएमचा (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा) मोठा वाटा आहे.

टप्पा ८: सरासरी काढून बघा

पहिल्या टॅबवर परत या, सुरुवात (१, १, १), रो २८, धक्का ०.०००००१, आणि बदललेले फॉर्म्युले पूर्ववत. वेळ १० ते ५० मधल्या झची सरासरी दोन्ही प्रतींसाठी काढा. मार्ग पूर्ण वेगळे होऊनही दोन्ही सरासरी २३ ते २४ च्या आसपास येतील. आता रो ३५ करा; दोन्ही सरासरी एकत्र वर सरकतील. धक्क्याने रोजचं हवामान बदललं, सरासरी नाही. आच बदलल्यावर सरासरी बदलली.

'दहा दिवसांचा अंदाज येत नाही आणि पन्नास वर्षांनंतरची तापमानवाढ सांगतात' असं म्हणणाऱ्याला ही दोन सेल दाखवा. एप्रिलमध्ये येणारा मान्सूनचा दीर्घकालीन अंदाजही याच दुसऱ्या जातीचा: समुद्राचं तापमान, एल निनो अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर बेतलेला, आणि चार महिन्यांच्या एकूण पावसाबद्दल. त्यात १७ जुलैला तुमच्या शिवारात काय होईल ते शोधू नका.

*सावधान:* ही तपासणी क्षच्या सरासरीवर करू नका. ती शून्याकडे जायला हवी, पण दोन पंखांत कुठे किती वेळ गेला त्यावर हेलकावत राहते आणि ५० एककांत स्थिरावत नाही.

टप्पा ९: हे घेऊन खरा अंदाज वाचताना

'फुलपाखराने पंख हलवले की दूर कुठेतरी वादळ होतं' असं केऑसबद्दल नेहमी सांगतात. पण फुलपाखरू वादळाचं कारण नसतं. धक्क्याने पातेल्यात एका कॅलरीचीही भर पडली नव्हती; उष्णता आधीच होती, धक्क्याने फक्त ती कोणत्या वाटेने जाईल ते बदललं. प्रयोग केल्यावर एवढं वाक्य तरी नीट म्हणता आलं पाहिजे.

वातावरणात एक गोष्ट या शीटपेक्षा वाईट आहे. इथे चूक वाढण्याचा वेग सरासरीने एकच. तिथे आकार जितका लहान तितकी चूक वेगाने वाढते: एका ढगाबद्दलची चूक तासांत दुप्पट होते, हजार किलोमीटरच्या कमी दाबाच्या पट्ट्याबद्दलची दिवसांत. म्हणून मोजमाप कितीही सुधारलं तरी रोजच्या हवामानाला साधारण दोन आठवड्यांची हद्द आहे असं मानतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. 'मुंबईत जोरदार पाऊस' हा अंदाज या दोन्ही ठिकाणांना लागू होता.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी अंदाज कधी काढला ते बघा. सकाळचा फॉरवर्ड रात्री वाचत बसू नका. मग तो किती क्षेत्राचा आहे ते: 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जास्तीत जास्त पाव भागात, 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे पाऊण भागाहून अधिक. काही तासांत काय होणार यासाठी रडार आणि खात्याचा तात्काळ इशारा, जिल्ह्यासाठी पाच दिवसांचा अंदाज, पेरणी-फवारणीच्या आखणीला दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज, तोही आठवड्याच्या बेरजेपुरता. आणि सलग तीन दिवस एकाच तारखेचा अंदाज तपासा. तो रोज फिरत असेल तर तुमच्या टप्पा ७ मधला झुबका त्या दिवशी फुटलेला आहे. अशा वेळी अॅपवर 'दुपारी ४ वाजता, १२ मिमी' लिहिलेलं असलं, तरी मांडवावर ताडपत्री घालाच.